भिंतीपासूनचा जिव्हाळा

त्या जानेवारीत दिल्लीत असं दाट धुकं पडलं होतं, की मी माझी छत्री धुक्यालाच टांगून आत चहा प्यायला गेलो, आणि बाहेर आलो तर ती तिथेच लटकत होती. आमच्या सुमित्रेला हे पटत नाही. चाळीस वर्षं संसार करून तिला माझं काहीच पटेनासं झालंय. पण पुढचं तिलाही पटलंय, तेव्हा निर्धास्त वाचा.

धुकं विरलं आणि बारीक पाऊस सुरू झाला. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याचं अतिथिगृह आहे. त्याच्या कॅन्टीनमध्ये मी रविवारचा साबुदाणा वडा खात होतो. शेजारच्या टेबलावर अपूर्वा लॅपटॉप उघडून बसली होती. तेवढ्यात दारातून एक तरुण आत आला... आला म्हणजे काय, वाहत आला. केसांतून पाणी, चष्म्यावर पाणी. तिच्या समोरच्या खुर्चीत धपकन बसला आणि फोन टेबलावर आपटून म्हणाला,

"हे ॲप ज्या गाढवानं केलंय ना, तो एकदा भेटायला हवा!"

"कुठलं ॲप?" अपूर्वानं मान वर न करता विचारलं.

"वाटाड्या. म्हणे दिल्लीत नव्यानं आलेल्यांना मराठीतून रस्ता दाखवतो! म्हणाला, डावीकडच्या गल्लीतून जा. गेलो. तर समोर भिंत! चांगली दहा फुटी. मग सगळा वळसा घालून आलो, भिजत."

"अच्छा. त्या गाढवाचं नाव अपूर्वा," ती म्हणाली आणि आता तिनं मान वर केली. "बोला."

त्याचा चष्मा धुरकट झाला होता. त्यानं तो काढला, पुसायला कोरडं काही सापडेना, तेव्हा तिनं आपल्या ओढणीचं टोक पुढे केलं. त्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तिला पाहिलं. त्याला जी खोकल्याची उबळ आली ती थंडीची नव्हती, एवढं मी खात्रीनं सांगतो.

"भिंत नवी दिसतेय," तो पुटपुटला.

"भिंत नवी आहे. आणि कोड उघडा आहे. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. फुकटचं काम आहे, सगळे स्वयंसेवक. शिव्या देऊन झाल्या असतील तर दुरुस्त करून पाठवा."

"पाठवतो!"

"बिल्कुल पाठवा. पण आधी नियम वाचा."

तो सुधन्वा. अंबाजोगाईचा. स्पर्धा परीक्षांसाठी दिल्लीत आला, परीक्षांनी त्याला घेतलं नाही, दिल्लीनं सोडलं नाही. आता फरीदाबादच्या एका कारखान्यात संगणक सांभाळत होता. त्या दिवशी गावाहून आलेला लाडवांचा डबा न्यायला आला होता. जाताना डबा अपूर्वाच्या टेबलावर विसरला. ती हाका मारत मागे धावली, तोवर तो पावसात दिसेनासा झाला. त्यातले दोन लाडू मी खाल्ले. पुरावा नष्ट करायला हवा होता.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात मी कोण? मी अण्णासाहेब. एका मंत्रालयात जन्मभर नियमांचे मसुदे लिहिले. सॉफ्टवेअरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण वाटाड्यात शेकडो माणसं काम करायला लागली, तेव्हा भांडणंही व्हायला लागली. कुणाची सुधारणा घ्यायची, कुणी ठरवायचं, चुकलं तर कुणाला विचारायचं? अपूर्वा म्हणाली, "अण्णा, आम्हाला घटना हवी." म्हणून तिघांचं मंडळ झालं. अपूर्वा, केंद्र सरकारात आकडेमोड करणाऱ्या वैजयंतीताई आणि मी. कोड तपासून तो मंजूर करणारे ते राखणदार. नवा राखणदार नेमायचा तर मंडळातली दोन मतं हवीत.

आणि एक कलम नऊ होतं. त्याचाही इतिहास आहे. दोन जिवलग मित्र राखणदार होते. एकानं पाठवायचं, दुसऱ्यानं न वाचता मंजूर करायचं. अशाच एका मंजुरीनं पीतमपुऱ्याला निघालेलं अख्खं मराठी वऱ्हाड पानिपतला पोचलं. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, आणि समोर रणांगण! वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी तिथेच डोक्याला हात लावला, "पुन्हा?" तेव्हा अपूर्वानं हट्ट धरला, की ज्याचं ज्याच्याशी नातं असेल त्यानं त्याच्या कामावर मत द्यायचं नाही, आणि नातं उघड सभेत सांगायचं. मी मसुदा केला, "रक्ताचं, लग्नाचं, धंद्याचं किंवा जिव्हाळ्याचं."

"जिव्हाळा मोजणार कशानं?" वैजयंतीताईंनी विचारलं होतं.

"ज्याला असतो त्याला कळतो," मी म्हणालो, आणि ते तसंच राहिलं.

असो. सुधन्वानं नियम वाचले नाहीत. त्यानं भिंतीची दुरुस्ती पाठवली आणि तिच्यासोबत स्वतःच्या मनाच्या ढीगभर सुधारणा. वाटाड्यात प्रत्येक सुधारणेखाली चर्चा चालते आणि ती जगाला दिसते. अपूर्वानं तिथे लिहिलं, "नामंजूर. एका पिशवीत एकच भाजी. भिंत वेगळी पाठवा."

त्यानं लिहिलं, "भिंतीला एवढा मान?"

तिनं लिहिलं, "भिजलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय. ता. क. लाडू संपले."

मग रोज सकाळी चहाबरोबर मी ती चर्चा वाचायला लागलो. तो पाठवायचा, ती परत करायची. "इथे कारण लिहिलं नाही." "कारण डोळ्यांसमोर आहे." "माझ्या डोळ्यांसमोर फक्त तुमचा आळस आहे." हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं. दर रविवारी कॅन्टीनमध्ये स्वयंसेवक जमायचे, त्यात फरीदाबादहून हा पठ्ठ्या सगळ्यांच्या आधी हजर. ती दिल्लीत वाढलेली, अर्धं हिंदीत बोलायची. तो तिला शब्द शिकवायचा.

"बाहेर पडतोय तो मावठा," तो म्हणायचा.

"यार, पावसालाही आडनाव असतं तुमच्याकडे?"

"असतं. आणि तो नको तेव्हा येतो."

"मग तुझ्यासारखाच," ती म्हणायची आणि खिडकीकडे बघायची. तो तिच्याकडे.

सुमित्रेनं एकदा माझ्या खांद्यावरून ती चर्चा वाचली. "अहो, या दोघांचं हे काय चाललंय?"

"पुनरावलोकन."

"आमच्या वेळी याला वेगळं नाव होतं," ती म्हणाली आणि माझ्या हातातली खारी घेऊन गेली.

त्याच सुमारास सुधन्वानं 'बोलता वाटाड्या' उभा केला. गावाकडून दिल्लीच्या मोठ्या इस्पितळात आलेली माणसं... पाटी वाचता येत नाही, हिंदी घशाशी अडते. त्यांच्या कानात हा मराठीतून सांगणार, 'बाई, आता उजवीकडे, लाल गेटातून.' काम सुंदर होतं. पण ते चालवायला त्याचा स्वतःचा राखणदार हवा, नाहीतर बासनात. सुधन्वाचं नाव पुढे आलं. मी होकार देणार, हे जगजाहीर होतं. वैजयंतीताईंचं सांगता येत नव्हतं. "पोरगा हुशार आहे," त्या म्हणायच्या, "पण नियम दुसऱ्यांसाठी असतात असं त्याला वाटतं." म्हणजे अपूर्वाचं मत मिळालं की काम फत्ते.

सभेच्या दिवशी अपूर्वा लवकर आली. बाहेर पुन्हा तोच बारीक पाऊस. माझ्यासमोर बसून ती चमचा उलटासुलटा करत राहिली.

"अण्णा, कलम नऊ... जिव्हाळा एकाच बाजूचा असेल तर? तरी सांगायचा?"

मी वडा खाली ठेवला. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे आलेत. "मसुद्यात बाजू लिहिलेल्या नाहीत," मी म्हणालो. "का गं?"

"त्यानं अजून काहीच म्हटलेलं नाही. मी मत दिलं तर तो निवडून येतो. नाही दिलं तर सगळं ताईंच्या हातात. त्या नाही म्हणाल्या तर त्याचं एवढं काम गेलं. आणि वर माझी शोभा होईल ती वेगळीच."

"मग गप्प बस. कुणाला कळतंय?"

ती हसली. आधी ओठांच्या एका कोपऱ्यातून, मग पूर्ण. "मला कळतंय ना. आणि नियम माझा आहे."

चमचा तिनं बशीत सरळ ठेवला आणि उठली.

सभा खुली असते. कॅन्टीनमध्ये टेबलं जोडलेली, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर नागपूरपासून बंगळुरूपर्यंतचे स्वयंसेवक कान लावून बसलेले. सुधन्वा कोपऱ्यात हातात वडा घेऊन बसला होता. अध्यक्ष वैजयंतीताई.

"सुधन्वा यांची राखणदार म्हणून नेमणूक. अपूर्वा, तुझं मत?"

"मी या मतदानात नाही."

वडा हवेतच थांबला.

"कारण?" ताईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"कलम नऊ."

"प्रकार सांगावा लागतो. रक्ताचं नातं?"

"नाही."

"लग्नाचं?"

"अजून नाही."

पडद्यावर नागपूरवाल्यानं स्वतःचा आवाज बंद केला, पण त्याचे खांदे हलताना दिसत होते.

"धंद्याचं?"

"ताई, फुकटच्या कामात धंदा कुठला?"

"मग राहिलं..."

"हो," अपूर्वा म्हणाली. मान ताठ, कान मात्र लालबुंद. "शेवटचं. माझ्या बाजूनं. उमेदवाराला याची कल्पना नाही, त्याचा काही दोष धरू नये."

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. ताई सुधन्वाकडे वळल्या. "उमेदवाराला काही म्हणायचं आहे?"

तो उभा राहिला. वडा कुठे ठेवावा हे न सुचून त्यानं तो माझ्या बशीत ठेवला. "म्हणायचंय. नोंदीत दुरुस्ती हवी. 'माझ्या बाजूनं' हे चूक आहे. दोन्ही बाजूंनी... असं लिहा."

"कधीपासून?" हे मी विचारलं. नियमात गरज नव्हती, पण संधी पुन्हा येत नसते.

"भिंतीपासून," तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच अपूर्वानं नजर खाली घातली.

"ठीक," वैजयंतीताई कोरडेपणानं म्हणाल्या. "म्हणजे आता दोनच मतं उरली. अण्णासाहेब?"

"होकार."

"माझं राहिलं." त्यांनी चष्मा काढला. "सुधन्वा, ती गप्प राहिली असती तर तू आत्ता राखणदार झाला असतास. राग आला का तिचा?"

त्यानं जरा विचार केला. "नाही, ताई. मीच आज तिला मत देऊ नकोस म्हणणार होतो, पण त्यासाठी आधी कारण सांगावं लागलं असतं आणि... तेवढी हिंमत झाली नाही. तिनं दाखवली. तुम्ही नाही म्हणालात तरी बोलता वाटाड्या मी थांबवणार नाही. पाठवत राहीन, तुम्ही परत करत राहा. मला सवय आहे."

कॅन्टीनमध्ये खसखस पिकली. ताई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा सावकाश पुसला.

"तुम्हा दोघांना काय वाटतं, सकाळी चहाबरोबर ती चर्चा फक्त अण्णासाहेब वाचतात? सगळं उघड्यावर चालतं इथे. आडनाव असलेला पाऊस काय, लाडू काय! अख्ख्या वाटाड्याला कधीच कळलंय. मला एवढंच बघायचं होतं, की मत द्यायची वेळ आली की तुम्ही ते स्वतःहून सांगता का. गप्प बसला असतात तर दोघांचंही राखणदारपद मी काढायला लावलं असतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "माझा होकार. नेमणूक मंजूर."

पडद्यावरून टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की कॅन्टीनच्या कपबशा आपोआप धुऊन निघाल्या.

"मात्र," ताईंनी हात वर केला, "आजपासून सुधन्वाचा कोड अपूर्वानं तपासायचा नाही. तो माझ्याकडे येईल. सगळाच्या सगळा. आणि मी लाडवांवर विरघळत नाही."

दोघांचे चेहरे असे उतरले, जणू नेमणूक नव्हे, बदलीच झाली होती.

सभा संपल्यावर ती दोघं एकाच छत्रीतून निघाली. छत्री माझी होती, धुक्यात टांगलेली तीच. पुढचं मला कसं कळलं असं विचारू नका. भिंतीला कान असतात, आणि त्या भिंतीशी माझी चांगली ओळख आहे.

ती मुद्दामच त्याला डावीकडच्या गल्लीत घेऊन गेली. भिंत होती तिथेच होती, ओली, निथळणारी.

"सभेत सगळं मी बोलले," ती म्हणाली. "तू नुसती दुरुस्ती सुचवलीस. तुझं स्वतःचं काही?"

"आहे ना. अपूर्वा, मला तू आवडतेस. आणि तुझ्या ओढणीला अजून माझ्या चष्म्याचा वास येत असेल. आणि पुढच्या महिन्यात आई येतेय, तिला भेटशील का? आणि..."

"थांब, थांब! एका पिशवीत किती भाज्या?"

"मग... पहिली तेवढी?"

"मंजूर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बाकीच्याही. पण एकेक करून पाठव."

पाऊस छत्रीवर हलकेच वाजत होता. तिनं त्याचा चष्मा काढला, ओढणीनं पुसला आणि परत त्याच्या डोळ्यांवर बसवला.

"एकच वाईट झालं, यार. आता तुझ्या चुका मला काढता येणार नाहीत."

"कोडमधल्या नाहीत," तो म्हणाला. "बाकीच्या सगळ्या तुझ्याच."