मैथिलीच्या डाव्या हाताचं दुखणं

हात रिकामा असला की ठणठणीत, आणि काही धरायला गेलं की लुळा! असलं दुखणं कुणी पाहिलंय का? २०५१ सालच्या एका शनिवारी दुपारी बार्शीच्या मैथिली बारबोलेपुढे नेमकं हेच दुखणं येऊन उभं राहिलं. तेही तिच्या स्वतःच्या हाताचं नव्हे बरं का! मालवणच्या समुद्रात तीन पुरुष (तीन माणसांच्या उंचीइतकं) खोल उतरलेल्या एका यंत्रमानवाच्या डाव्या हाताचं.

झालं होतं असं. मालवणला प्रवाळाची (समुद्राच्या तळाशी वसाहत करून राहणाऱ्या इवल्या जिवांची) नवी बाग लावायची होती. लावायचं काम ‘डुबकी’ नावाचा यंत्रमानव करी आणि डुबकीला हलवत शाळांमधली मुलं, आपापल्या घरी बसून. डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा (आपण नसतो तिथे असल्यासारखं दाखवणारा) आणि दोन मुठींत दोन कंट्रोलर. इथे मूठ आवळली की तिकडे डुबकीचा पंजा मिटे. यंदा समुद्रापासून इतक्या लांबच्या शाळेचा पहिल्यांदाच नंबर लागला होता आणि शाळेने निवडली होती मैथिली. पोरीने समुद्र अजून पाहिलाही नव्हता, पण महिनाभर ती अशी मिरवत होती की विचारू नका.

चार वाजता तिची पाळी होती. सव्वातीनला प्लास्टिकच्या खोट्या प्रवाळावर सराव सुरू झाला. मैथिलीने ते डाव्या पंजात धरलं आणि धरल्याबरोबर पंजा उघडला, प्रवाळ वाळूत. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही तेच.

“मैथिली गो,” डुबकीची देखभाल करणाऱ्या वैभवीताईंचा मालवणहून आवाज आला, “खरं प्रवाळ तुमच्या शाळेच्या नावाचं एकच आहे. पडलं तर मोडलं. चारपर्यंत हात बरा झाला तर तू लाव, नाहीतर मीच लावते. वाईट वाटून घेऊ नको हं.”

वाईट वाटून घेऊ नको म्हणे! मैथिलीने चष्मा काढला तेव्हा तिचे डोळे भरले होते.

शेजारी आजोबा शेंगा सोलत बसले होते. त्यांनी उमेदीची तीस वर्षं उपग्रहांच्या बॅटऱ्या बनवण्यात घालवली होती.

“आजोबा, तो डुबकीच बिघडलाय!”

“कशावरून?”

“मी सकाळीच सेल बदललेत. चष्म्यात बॅटरी पाऊण भरलेली दिसतेय. आणि सकाळी गच्चीवर कंट्रोलर चालवून बघितला तेव्हा नीट चालत होता.”

“मग दोष डुबकीचा, कंट्रोलरचा की सेलचा, ते आधी शोध. चोर सोडून संन्याशाला फाशी नको.” आजोबांचा स्वभावच तसा. विचारल्याशिवाय सांगायचं नाही आणि विचारलं तरी निम्मंच सांगायचं.

मैथिलीने नाक पुसलं. जरा विचार करून तिने डाव्या कंट्रोलरचे दोन्ही सेल उजव्यात घातले, उजव्याचे डाव्यात, आणि पुन्हा चष्मा चढवला. आता डावा हात टुणटुणीत आणि उजवा लुळा!

“सेलच! दुखणं सेलांबरोबर तिकडे गेलं!”

“शाब्बास. पण सेल दोन आहेत. त्यातला चोर कोण?”

आजोबांनी कपाटातून मीटर काढून दिला. एका सेलचा विद्युतदाब (विजेला पुढे ढकलणारा जोर) निघाला एक पूर्णांक सहा व्होल्ट, दुसऱ्याचा एक पूर्णांक तीन. फार काही फरक नाही. मैथिली हिरमुसली. “दोघेही साव दिसतायत.”

“रिकाम्या हाताने कुणीही पैलवान असतो गं. ओझं देऊन बघ की.” आजोबांनी जुन्या टॉर्चचा बल्ब पुढे केला.

पहिल्या सेलवर बल्ब लख्ख पेटला, मीटरचा आकडा जेमतेम हलला. दुसऱ्यावर बल्ब लालसर मिणमिणला आणि आकडा धाडकन निम्म्यावर आला.

“अगंबाई! हा तर धापा टाकतोय!”

“गच्चीवरची टाकी भरलेली आहे, पण नळात क्षार साचलेत. थेंब थेंब हवं तर येईल. बादली भरायला गेलीस की धार तुटते. सेल जुना झाला की त्याच्या पोटात असाच अंतर्गत रोध (आतल्या आत विजेला होणारी अडवणूक) वाढतो. आता पुढचं तू सांग.”

मैथिली एकदम उडालीच. “थरथर! आपण काही धरलं की धरल्यासारखं वाटावं म्हणून कंट्रोलर थरथरतो. आतली मोटर एकदम जास्त वीज मागते, या सेलचा दाब घसरतो, कंट्रोलर बंद पडतो आणि डुबकीचा पंजा उघडतो! म्हणून रिकामा हात ठणठणीत!”

“बरोब्बर! पण हा जुना सेल आत आला कसा?”

मैथिलीची मान खाली गेली. घरात नवे सेल दोनच होते. भिंतीवरचं घड्याळही बंद पडलेलं. म्हणून तिने एक नवा घड्याळात घातला, एक कंट्रोलरमध्ये, आणि जोडीला कंट्रोलरमधलाच एक जुना सेल गच्चीवर कुरडयांशेजारी उन्हात वाळवून पुन्हा आत घातला.

“उन्हाने सेल भरत नाही,” आजोबा हसले. “तापला की आतली रासायनिक क्रिया (पदार्थ बदलून वीज तयार होणं) तेवढ्यापुरती भरभर होते. गार झाला की ये रे माझ्या मागल्या! शिवाय नव्या-जुन्याची जोडी लावली की नवा ढकलत राहतो, आणि जुना पार संपून आतलं रसायन गळायला लागतं. बदलायचे तर दोन्ही एकदम बदलावेत.”

मैथिलीने घड्याळाकडे पाहिलं. चारला सात मिनिटं होती. ती स्टुलावर चढली आणि घड्याळातला नवा सेल काढून जुन्याच्या जागी कंट्रोलरमध्ये घातला. घड्याळाचे काटे तिथेच थांबले.

बरोबर चार वाजता डाव्या पंजात खरं प्रवाळ आलं. मूठ थरथरली. मैथिलीने श्वास रोखला. हात सुटला नाही! हळूहळू तिने ते दगडातल्या खाचेत बसवलं आणि उजव्या हाताने चिकटवलं.

“बसला गो!” वैभवीताई ओरडल्या. “घट्ट बसला!”

आजोबांनी चष्म्यासकट नातीला मिठी मारली. “तीस वर्षं मी बॅटऱ्या आभाळात पाठवल्या, पण आजच्याइतका अभिमान कधी वाटला नव्हता बघ.”

मैथिलीने तो जुना सेल घड्याळात घातला आणि काटे वेळेवर लावले. घड्याळाला वीज लागते थेंबभर. काटे टिकटिकू लागले.

“चालतोय!”

“माझ्यासारखाच. पळवू नका, वेळ मात्र बरोबर सांगेन,” आजोबा म्हणाले.

संध्याकाळी वैभवीताईंचा फोन आला. पुढच्या महिन्यात आणखी बारा शाळा डुबकी चालवणार होत्या. “सेल ओझं देऊन कसे तपासायचे, ते त्या पोरांना शिकवशील काय गो?”

मैथिलीने आजोबांकडे पाहिलं आणि ऐटीत सांगितलं, “शिकवेन की! पण निम्मंच सांगेन. बाकीचं त्यांनी शोधायचं.”