टिल्लूच्या हातातली केबल

दोन केबली दिसायला सारख्या, दोन्ही खटकन बसणाऱ्या. तरी एकीने कॉम्प्युटर चालतो आणि दुसरीने त्यातलं महागडं कार्ड जळतं. असं का? हे कोडं मिहिकाला सुटलं खरं, पण त्याआधी ती टिल्लूवर भलतीच जळत होती.

टिल्लू म्हणजे आजोबांनी नवा आणलेला यंत्रमानव. माणदेशातल्या एका माळावर आजोबांची छोटी वेधशाळा होती. चंद्रावरच्या वस्तीत आता शाळा निघाली होती, आणि तिथल्या मुलांना त्यांची वस्ती पृथ्वीवरून कशी दिसते ते आज संध्याकाळी दाखवायचं होतं. त्यासाठी जुन्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड (चित्रं तयार करणारा भाग) आणि नवा पॉवर सप्लाय (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) बसवायचा होता. आजवर अशा कामात आजोबांचा उजवा हात मिहिका असायची. आता उठता बसता टिल्लू, आणि तिच्या हाती धूळ झटकायचा ब्रश.

म्हणून आजोबा चहाला गेले तेव्हा तिने नव्या सप्लायची केबल लपवली आणि तिच्या जागी जुन्या सप्लायची ठेवली. कॉम्प्युटर सुरू होणार नाही आणि टिल्लूची चांगली जिरेल, एवढाच तिचा बेत.

आजोबांची एक रीत होती. बटण दाबण्याआधी प्रत्येक जोडणी मोठ्याने समजावून सांगायची. टिल्लूने समोर ठेवलेली केबल जोडली आणि सांगितलं, की कनेक्टरची (केबलच्या टोकाची) काही भोकं चौकोनी असतात, काहींचे कोपरे कापलेले, त्यामुळे दुसऱ्या भागाचं टोक चुकून कार्डात शिरत नाही. टोक बसलं, म्हणजे केबल बरोबर.

आजोबा हसले. कार्डाकडचं टोक सगळ्या कंपन्या एकाच नियमाने बनवतात, ते म्हणाले, पण सप्लायकडच्या टोकाला असा नियम नाही. दोन घरांतले नळ सारखे दिसतात, पण एकाकडे डाव्या नळाला गरम पाणी, दुसऱ्याकडे उजव्या. तसाच आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो.

"दुसऱ्या सप्लायची केबल लावली तर?" मिहिकाने विचारलं.

"बारा व्होल्ट नको तिथे जातील. कार्ड क्षणात खलास."

टिल्लूचं बोट बटणाकडे निघालं. गप्प राहिलं तर खापर त्याच्यावर फुटेल, आजोबा त्याला परत पाठवतील. मिहिकाला तेच तर हवं होतं. पण चंद्रावरची मुलं पडद्यासमोर ताटकळत बसतील.

"थांब," ती म्हणाली. "केबल मी बदललीय."

आजोबांनी आधी सप्लायचा प्लग काढला. मग त्यांनी का, एवढंच विचारलं.

"तुम्ही मला काही करूच देत नाही. सगळं त्यालाच सांगता."

"कार्ड जळलं असतं, ते मी विसरणार नाही," आजोबा म्हणाले. "पण तुला बाजूला ठेवलं, ती चूक माझीच."

त्यांनी कार्ड बाजूला काढून ठेवलं आणि मल्टिमीटर (विजेचा दाब मोजायचं यंत्र) तिच्या हातात दिला. मिहिकाने दोन्ही केबली पाळीपाळीने सप्लायला लावून पाहिल्या. नव्या केबलीत बारा व्होल्ट योग्य भोकांत होते, जुनीत भलत्याच. सप्लाय बदलला की केबलीही त्याच्याच घ्यायच्या, हे तिला आता पक्कं कळलं. टिल्लूनेही आपल्या स्मृतीत ते नोंदवून घेतलं. मग त्याने कार्ड परत बसवलं आणि मिहिकाने नवी केबल लावली.

संध्याकाळी चित्र झळकलं, स्वच्छ आणि स्थिर. एवढासा चमकता ठिपका बघून चंद्रावरची मुलं गलका करू लागली. त्यांच्या बाईंनी विचारलं, कॉम्प्युटर जोडला कुणी?

मिहिकाला "मी" म्हणावंसं फार वाटलं. तिने टिल्लूकडे पाहिलं.

"आम्ही दोघांनी," ती म्हणाली.