ईरम्माचा कबुलीजबाब

ईरम्माने गिरणी कामगार ज्ञानबाचा जबडा मोडला, आणि तोही नुसत्या हाताने, असं सरकारी कागदावर लिहिलं गेलं, खाली तिचा अंगठा उमटला आणि वर शिक्काही बसला. पण ते सोडा. तसं काही झालंच नव्हतं असं धरून चालू. कारण ज्ञानबाचा जबडा मोडला त्या वेळी ईरम्मा सोलापुरात, बाळीवेशीतल्या आपल्या घरात चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, आणि त्या हातांनी जन्मात ज्वारीच्या पिठाखेरीज कुणालाही मारलं नव्हतं.

दिवेलागण झाली होती. शिवशरण घरात आला तो ‘अक्का’ अशी हाक न मारताच. फौजदार झाल्यापासून धाकट्या भावाचं सगळंच बदललं होतं... बुटांचा आवाज बदलला होता, हसणं बदललं होतं, सायकल जाऊन बुलेट आली होती... पण उंबऱ्यातून ‘अक्का’ म्हणायचं तेवढं शिल्लक होतं. आज तेही नाही! बायको बाळंतपणाला अक्कलकोटला गेलेली, घरात ही दोघंच, आणि हा सरळ मोरीत शिरून शर्ट धुऊ लागला. स्वतः! ज्यानं पाण्याचा तांब्या कधी आपल्या हातानं भरून घेतला नव्हता, तो शर्ट धुतो, म्हणजे कुठंतरी आभाळ कोसळलेलं असणारच.

ती कंदील घेऊन मागे उभी राहिली. मोरीतलं पाणी लालसर होतं. पण तिचं लक्ष पाण्याकडे गेलंच नाही. ते त्याच्या उघड्या गळ्याकडे गेलं.

“तम्मा, गळ्यातलं कुटं हाय?” तिनं धाकट्या भावाला विचारलं.

“पडलं.”

“पडलं? इष्टलिंग हाय ते! छत्री हाय व्हय रे, पडायला?”

जन्मल्यानंतर स्वामींनी बांधलेलं, चांदीच्या डबीतलं लिंग. ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही, त्याची पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हे त्या घरात श्वास घेण्याइतकं ठरलेलं होतं. शिवशरणच्या गळ्यात ते बांधलं तेव्हा आई बाजेवर पडून होती आणि तान्ह्याला मांडीवर घेऊन ईरम्माच बसली होती. पुढं आई-बाप एकाच तापात गेले... मंगळवेढ्याहून आलेलं चांगलं काळ्या जमिनीतलं स्थळ तिनं परत पाठवलं... मागाच्या कारखान्यात कांड्या भरभरून बोटांची सालं गेली... आणि त्या सगळ्या तपश्चर्येचं फळ आत्ता मोरीत उकिडवं बसून बाहीवरचं रक्त चोळत होतं!

मग तो बोलू लागला. पेठेत अण्णारावचा मटक्याचा अड्डा होता, आणि तो फौजदाराच्या कृपेवर चालत होता, हे चौकीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. आज ज्ञानबानं भर अड्ड्यात उभं राहून ओरडून सांगितलं की गिरणीतल्या पोरांचे पगार ह्या भिंतीत गडप होतात आणि फौजदार त्या भिंतीला टेकून बसतो.

“म्हणून मारलंस?”

“आधी दोनच लावल्या गं. पण अण्णारावची माणसं बघत होती की. मग थांबता येईना. त्यानं माझा गळा धरला, दोरा तुटला. त्याच्या मुठीत डबी राहिली. दवाखान्यात मूठ उघडली तर...” त्यानं शर्ट पुन्हा पाण्यात बुडवला. “तो शुद्धीवर न्हाय. पण पोलिसाचं काम हाय असं कुणीतरी वर कळवलं, आन् वरनं देवस्थळी म्हणून साहेब आलाय. उद्या सकाळी चौकीतल्या समद्या लिंगायत माणसांनी गळा दाखवायचा, असा हुकूम हाय.”

“मग मठात जा. स्वामी नवं देतील.”

“जुनं कुटं गेलं इचारतील. काय सांगू? मटक्याच्या अड्ड्यावर ठेवून आलो म्हणून?”

ईरम्मानं कंदील खाली ठेवला. तिच्या मनात क्रोध होता, घृणा होती, आणि ह्या दोघांना ढकलून पुढं येणारं ते निर्लज्ज वात्सल्य होतं... शेवटी तिनं आपल्या गळ्यातला दोरा काढला. पन्नाशीला आलेल्या त्या देहावरून तो आजवर कधी उतरला नव्हता. तिला वाटलं, हा हात धरील. म्हणेल, ‘अक्का, येवढं नको!’ शिवशरणनं मान पुढं केली. शाळेत जाताना टोपी घालून घ्यायला करायचा, अगदी तशीच.

“उद्या सांजच्याला परत देतो,” तो म्हणाला; शेजाऱ्याचा सायकल-पंप नेल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी चौकीत गळे तपासले गेले. देवस्थळी साहेब प्रामाणिक होते. इतके प्रामाणिक, की हुकुमात जे लिहिलं असेल त्याच्या बाहेर त्यांना काही दिसतच नसे. शिवशरणचा गळा भरलेला निघाला. भीमाशंकर हवालदाराचा रिकामा निघाला. हा भीमाशंकर म्हणजे चौकीतला एकुलता एक माणूस, जो अण्णारावच्या चहालाही शिवत नसे. त्याची डबी सोनाराकडे बिजागरी बसवायला गेली होती, म्हणून त्यानं लिंग फडक्यात गुंडाळून दंडाला बांधलं होतं. त्यानं बाही वर करून दाखवलं.

“हुकुमात गळा लिहिलंय,” साहेब म्हणाले. “दंड लिहिलेला नाही.”

“साहेब, पर लिंग तर हाय की!”

“हे तू नवीन मिळवलेलं असणार.” आणि हाफ पँटीतल्या हवालदाराला त्याच्याच चौकीच्या कोठडीत, त्यानंच सकाळी झाडून घेतलेल्या फरशीवर बसवण्यात आलं.

संध्याकाळी शिवशरण हसत हसत घरी आला. पाटावर बसला. शेंगाचटणीत मीठ कमी आहे म्हणाला. समोर बसलेल्या बहिणीनं कालपासून अन्नाला स्पर्श केलेला नाही, पूजेविना ती घास घेणार कसा, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही!

“माझं दे,” ईरम्मानं हात पुढं केला.

“आत्ताच न्हाय. साहेब हितंच मुक्कामाला हाय. परत गळा बघितला तर?”

“आन् भीमाशंकरचं काय चुकलं?”

“गळा रिकामा होता, हे चुकलं.”

“आन् तुझं?”

“माझा भरलेला होता.” त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. “तू जेव की. वाट कुणाची बघतीस?”

तिनं भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला वाटलं, ह्या तोंडात आपण भरवलेले घास मोजायला बसलो तर जन्म पुरणार नाही. पण त्यातला एकही कुठं लागलेला दिसत नाही... हाय रे देवा, एकही नाही! आणखी एक दिवस तसाच गेला. शिवशरण गळ्यावर हात ठेवून घरी आला आणि तो हात काही खाली आला नाही. ईरम्मा पाण्याचा घोटही न घेता घराच्या भिंती न्याहाळत बसली. भावाला पकडून द्यायची ताकद तिच्यात नव्हती, आणि भीमाशंकरच्या बायकोचं रडणं रस्त्यापलीकडून ऐकू येत होतं.

तिसऱ्या सकाळी तिनं इरकली लुगडं नेसलं आणि ती चौकीत गेली.

गुन्हा कबूल करणं इतकं अवघड असतं, हे तिला माहीत नव्हतं. बाकावर बसायला सांगितलं. साहेब नाश्त्याला गेले होते. नाश्त्याहून आले ते फोनवर बसले. फोन लागला नाही म्हणून पुन्हा बसले. दरवाजातल्या शिपायाला तिनं तीनदा सांगितलं, “अरे, ज्ञानबाला मी मारलंय.” तो म्हणाला, “आजी, तक्रार शेजारच्या टेबलावर.” शेजारच्या टेबलावर म्हणाले, “तक्रार न्हाय ना, कबुली हाय ना? मग तिकडं.” ईरम्माचा संताप अनावर झाला. ती ताडकन उठली.

“मेल्यांनो, गुन्हा कबूल करायला पण ओळख लागती व्हय रे तुमच्यात?”

तेव्हा साहेबांनी मान वर केली. ईरम्मानं सांगितलं : मुठीत सापडलेली डबी माझी. हा बघा माझा गळा, रिकामा हाय. साहेबांनी हुकूम वाचून पाहिला. त्यात गळा लिहिला होता. गळा बाईचा की गड्याचा, ते लिहिलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला.

“फौजदार! जबाब लिहून घ्या.”

आणि शिवशरणला कागद-टाक घेऊन स्वतःच्या बहिणीसमोर बसावं लागलं.

“का मारलंत?” साहेबांनी विचारलं.

“तो माझ्या भावाला बोलला.”

“कशानं मारलंत?”

“हातानं.”

“एवढा गडी, आणि हातानं?”

“भाकरी थापतो तसं,” ईरम्मा म्हणाली आणि साहेबांच्या टेबलावर तिनं एक थाप दिली. दौत उडाली. साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

“लिहा, लिहा... भाकरी थापल्याप्रमाणे...”

शिवशरण लिहीत होता. अक्षरं वेडीवाकडी जात होती. “अक्का,” तो ओठ न हलवता पुटपुटला, “घरी जा... पाया पडतो...”

“तू लिही रे,” ती म्हणाली. “अक्षर नीट काढ. शाळेची फी भरलीय मी.”

अंगठा उमटला. शिक्का बसला. आणि त्या श्रमानं म्हणा, उपासानं म्हणा, ईरम्माचा तोल गेला. साहेबांनी घाबरून चहा मागवला. तिनं कप दूर सारला.

“पूजा न्हाय झाली. पाणी पण चालत न्हाय.”

“कसली पूजा?”

“साहेब, लिंगपूजा!” कोठडीच्या गजांतून भीमाशंकर ओरडला. “त्यांनी तीन दिस काय खाल्लं नसंल बगा! मराय लागल्यात त्या!”

साहेब प्रामाणिक होते, हे आधी सांगितलंच आहे. त्यांनी सीलबंद पाकीट फोडलं, चांदीची डबी बाहेर काढली आणि ती ईरम्माच्या पुढं धरली.

“घ्या. तुमचंच आहे ना? करा पूजा आणि चहा घ्या.”

ईरम्मानं डाव्या तळहातावर ते लिंग घेतलं. तिनं उजवा हात वर नेला... आणि तो तिथंच अडून राहिला. खोटा जबाब देता आला होता, खोटा अंगठा उमटवता आला होता. पण दुसऱ्याच्या लिंगाची पूजा आपली म्हणून करायची? ज्या तळहातावर उभा जन्म शिव बसवला, त्याच तळहातावर देवालाच फसवायचं? डोळ्यांतून धारा लागल्या. हात वर जाईना, खाली येईना... आणि तरीही ती ‘हे माझं न्हाय’ एवढे शब्द उच्चारीना! कारण ते उच्चारले की भाऊ गेला.

शिवशरण पाहत होता. उपाशी, सुकलेले ओठ. सालं गेलेली बोटं. त्याला आत्ता दिसली ती. इतकी वर्षं समोर असून आत्ता!

टाक खाली पडला. त्यानं वर्दीची वरची गुंडी तोडली, गळ्यातला दोरा ओढून काढला आणि तिच्या पायाशी बसून आपल्या हातानं तिच्या तळहातावरचं लिंग बदललं.

“तुझं तू घे अक्का... ते माझं हाय.” आणि मग लहानपणी आई गेली तेव्हा रडला होता तसा तो हंबरडा फोडून रडला. “साहेब, ज्ञानबाला म्यां मारलं! म्यां मारलं! हिला पाणी द्या हो कुणीतरी...”

“तुझं पाणी नकोय मला!” ईरम्मा ओरडली, आणि त्याचं मस्तक दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. “किती येळ लावलास रे, तम्मा... किती येळ लावलास...”

तिनं तिथंच, आरोपींच्या बाकावर बसून पूजा केली. साहेबांनी टोपी काढली. कोठडीतून एक माणूस बाहेर आला आणि एक आत गेला. बाहेर आलेल्यानं आपला डबा उघडला. कडक भाकरीचा पहिला घास ईरम्मानं खाल्ला, दुसरा गजांतून आत दिला.

नंतर ज्ञानबा शुद्धीवर आला. ईरम्मा रोज त्याला आंबील घेऊन जायची. तो तोंडाच्या एका कोपऱ्यातून प्यायचा आणि तिच्याशी एक अक्षर बोलायचा नाही, आणि ती ते बरोबरच समजायची. अण्णारावचा अड्डा बंद झाला आणि दोन गल्ल्या पलीकडे सुरू झाला. शिवशरणचं लिंग पुन्हा सीलबंद पाकिटात गेलं, म्हणून तो तुरुंगात जाण्याआधी स्वामींनी त्याला नवं बांधलं. जुनं कुठं गेलं, त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं.

भेटीच्या दिवशी ईरम्मा जाळीपलीकडे बसायची. तो आता हळू बोलायचा, खाली बघायचा, शहाण्यासारखं वागायचा. तिचा जीव त्यानंच जास्त तुटायचा. एकदा परतताना ती कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनविसापाशी थांबली आणि तिनं एक अर्ज सांगितला. अर्जनविसानं दोनदा चष्मा पुसला, पण लिहिलं ते तिनं सांगितलं तसंच :

‘मेहेरबान जिल्हा पोलीस अधीक्षक साहेब, सोलापूर, यांचे सेवेशी. अर्जदार ईरम्मा, राहणार बाळीवेस, विनंती अर्ज करते की, अर्जदाराने आपला धाकटा भाऊ नामे शिवशरण हा आपले खात्याचे ताब्यात दिला, त्या वेळी तो चांगल्या स्थितीत होता. तो खोटं बोलला की त्याचे कान लाल होत असत व अंधारात त्यास अर्जदाराचा हात धरावा लागत असे. खात्याने सदर भाऊ वापरून खराब केला आहे. अर्जदाराची खात्याविरुद्ध तक्रार नाही. तरी सदर भाऊ मूळ स्थितीत अर्जदारास परत देण्याचा हुकूम व्हावा, ही नम्र विनंती. अर्जदार स्वतः न्यायला येईल. सोबत शिपाई देण्याची गरज नाही.’