अंगठ्याची थाळी

तेजश्रीचं डोकं सकाळपासून तापलं होतं. नेकनूरच्या गोदामातलं सोयाबीनचं बियाणं तपासणीसाठी टेबलावर होतं आणि त्यावरची काळी बुरशी आंधळ्यालाही वासानं कळली असती. पण काचेच्या थाळीत ती उगवेना. प्रयोगशाळेचा कायदा असा, की थाळीत जे उगवत नाही ते जगात नसतं. अहवाल स्वच्छ गेला की हेच बी गावभर वाटलं जाणार होतं. तिच्या आईच्या, केसरबाईच्या रानातसुद्धा पडणार होतं.

तिचे वरिष्ठ राधाकिशन म्हणायचे, बुरशी जावयासारखी असते, ताटात काय वाढलंय त्यावर ती अंग धरते. तेजश्रीनं बटाट्याच्या काढ्याचं आगर, म्हणजे बुरशी वाढवायची जेली, वाढलं, ओटचं वाढलं, शेवटी सोयाबीनच शिजवून वाढलं. जावई रुसलेलाच.

दुपारी गोदामाचे मालक विजयसिंह आले. पांढरा सदरा, अत्तर, मागे दोन माणसं. अहवाल कामून अडला, असं त्यांनी हसत विचारलं, आणि वर म्हणाले, बुरशी उगवत न्हाई, म्हंजी बुरशी न्हाईच की. रागात तेजश्रीची गावची बोली बाहेर पडली. "बियावर हाय. डोळं हायत ना तुमाला?"

विजयसिंहांनी बटाट्याची एक थाळी उघडली आणि आगरावर अंगठा दाबला.

"तुमच्या गावानं कर्जाच्या कागदावर आमाला लई अंगठे दिले, ताई. घ्या, आमचाबी एक राहू द्या."

दोन दिवसांनी त्या थाळीत अंगठा उगवला. काळा, मखमली, रेषेनरेषेसकट. सूक्ष्मदर्शकाखाली तीच बुरशी, बियाण्यावरची.

गोदामातला हात, त्याला लागली असेल. पण बियाणं तेजश्रीनंही हाताळलं होतं, राधाकिशननीही. दोघांनी बियाण्यावर अंगठा घासून थाळीत दाबला. काही उगवलं नाही. विजयसिंहांच्या थाळीतली बुरशी मात्र पसरत होती, एकाच बाजूला, नेकनूरच्या दिशेनं. खिडकीचा उजेड ओढत असेल म्हणून तेजश्रीनं थाळी उलटी फिरवून बंद कपाटात ठेवली.

सकाळी ती पुन्हा नेकनूरकडे वळलेली होती.

राधाकिशननी 'नापास' अहवालावर सही केली.

आठवड्यानं विजयसिंह आले. एकटेच. तेजश्रीनं चार शिव्या जिभेवर तयार ठेवल्या होत्या. ते खुर्चीत बसले. चहा डाव्या हातानं घेतला. उजवा सदऱ्याच्या खिशात. अत्तर नव्हतं. ओल्या पोत्यांचा वास होता.

बियाणं सगळं जाळलं, ते म्हणाले. कुणालाच वाटलं न्हाई.

शिव्या जिभेवरच राहिल्या.

ते कपाटाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "ताई, तिला अंगठ्याबिगर दुसरं काय खायला देता येतं?"

तेजश्रीनं कपाट उघडलं.

बुरशी आज नेकनूरकडे नव्हती. विजयसिंहांच्या खुर्चीकडे वळली होती, आणि थाळीचं झाकण आतून उचललं गेलं होतं.