मी खिडकीखाली वाकले

विश्वास ठेवायचा तर ठेवा. हे माझ्याच बाबतीत घडलंय. यात माझी काही शोभा नाही, निदान त्यासाठी तरी खरं माना.

मी आठ वर्षांची होते. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता.

आमची गल्ली सखल. पाणी तुंबलं की बाबा गटाराचं झाकण काढून ठेवायचे, पाणी लवकर उतरावं म्हणून. कोणी आत पडू नये यासाठी त्या तोंडात लाल फडकं बांधलेली काठी रोवायचे. आणि तिसऱ्या मजल्यावर, खिडकीत, मी राखणीला.

"काठी हलली की लगेच हाक मार हं," आई शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगायची. मला केवढा तोरा होता त्या कामाचा!

त्या दिवशी काठी हलली... तिरकी झाली... आणि वाहून गेली.

मी ओरडणार, तेवढ्यात कोपऱ्यावर छत्री दिसली. शिकवणीच्या बाई! चपला हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून येत होत्या.

माझ्या गृहपाठाच्या नावानं बोंब होती. ओरडले असते तर मी घरात आहे हे त्यांना कळलं असतं. गप्प राहिले तर पाणी बघून परत जातील, असं वाटलं. देवाशप्पथ, एवढंच वाटलं.

मी खिडकीखाली वाकले.

वीस आकडे मोजले. डोकं वर काढलं तर...

गल्लीत फक्त छत्री होती. उलटी. गोल गोल फिरत.

"काठी कधी गेली गं?" बाबांनी नंतर विचारलं.

"मला नाही दिसलं."

झाकण मीच काढलं, म्हणत बाबा जन्मभर स्वतःला खात राहिले. मी त्यांच्यासमोर जेवत होते, हसत होते. एक शब्द बोलले नाही.

तेव्हापासून जोराचा पाऊस असला की पाचच्या सुमाराला जिन्यात ओली, अनवाणी पावलं वाजतात. चपक... चपक... दाराशी थांबतात.

परत जाताना कधीच ऐकू येत नाहीत.

आई-बाबांना ती कधी ऐकू आली नाहीत. माझं लग्न झालं, घर बदललं, गाव बदललं. बाबा गेले. पावलं मात्र येतच राहिली.

परवा माझी सात वर्षांची लेक खिडकीत बसली होती.

"आई, खाली एक बाई आहेत. चपला हातात घेतल्यात."

मी धावत गेले. खाली नुसतं पाणी.

"कुठायत?"

"आत्ता आपल्या जिन्यात शिरल्या."

चपक... चपक... आणि दाराशी शांतता.

"आल्या! उघडू?"

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

दार उघडून माफी मागायची, बस. तीस वर्षं ते वाक्य मनात घोळवत होते. पण मी लेकीला ओढलं, तिच्या तोंडावर हात दाबला आणि तिला घेऊन खिडकीखाली बसले.

काल पुन्हा आभाळ भरून आलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर लेक दिसेना.

ती खिडकीखाली अंग चोरून बसली होती. आपणहून. स्वतःच्या तोंडावर हात ठेवून.

"आई... आपण घरात नाही ना?" ती कुजबुजली.

उठ, दार उघड, असं मला म्हणता आलं नाही. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.