शून्याचं घर

खरं सांगायचं तर काम रटाळच होतं. नवजात बाळांच्या वॉर्डात बारा खाटा. प्रत्येक बाळाच्या श्वासाचा आकडा एका जुन्या प्रोग्रामकडे जायचा आणि तो प्रोग्राम माझ्या आईने लिहिला होता. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिची ती जुनी भाषा आता तिथे कोणाला येत नव्हती, म्हणून प्रोग्राम नव्या भाषेत उतरवायला मला बोलावलं. संध्याकाळी पाचला जुनं मशीन बंद होणार होतं.

जुन्या भाषेत आकड्यांची ओळ एकपासून मोजतात, नव्या भाषेत शून्यापासून. मी सवयीने सगळीकडे एक वजा केला आणि चाचणी लावली. पहिल्या खाटेवरचं बाळ मिनिटाला चव्वेचाळीस श्वास घेत होतं. माझा प्रोग्राम दाखवत होता सोळा.

अशी चूक बाळाच्या जिवावर बेतली असती.

शोधल्यावर कळलं, आईने मात्र ओळ शून्यापासून सुरू करून तेरा घरं ठेवली होती. शून्याचं घर जादा. त्याला ना खाट, ना वायर. शेजारी तिची टीप होती : हे घर काढू नये. मी एक वजा केल्याने पहिली खाट त्याच घरावर सरकली होती; सोळा तिथूनच येत होते.

"सिस्टर, हे सोळा कोणाचे?"

निवृत्तीला आलेल्या सिस्टरनी दार हळूच लोटलं. "आम्ही तिकडे बघत नाही, मॅडम. मी नवीन होते तेव्हा तिथे चाळीस असायचे. मग तीस... पंचवीस... वर्षावर्षाने उतरत गेले."

"म्हणजे बिघडत गेलं?"

"मोठ्या माणसाचा श्वास सोळाच असतो ना..."

माझाच असेल म्हणून मी श्वास रोखून धरला. छाती फुटायची वेळ आली, पण सोळा जागचे हलले नाहीत.

मी बाबांना फोन करून विचारलं.

"तुझ्याआधी एक होती गं. अकरा दिवस... त्याच वॉर्डात. तेव्हा खाटांना नंबरही नव्हते. नंतर तुझ्या आईने हे काम मागून घेतलं. मी म्हटलं, कशाला जातेस तिथे? तर म्हणाली, तिच्याकडे कोणीतरी लक्ष ठेवायला हवं."

एवढी वर्षं मी एकुलती एक म्हणून लाड करून घेतले आणि मला ताई होती! मला रडूच फुटलं.

वॉर्डप्रमुख म्हणाले, जादा घर काढून टाका, उगाच गोंधळ नको. मी मान डोलावली आणि काढलं नाही. नव्या ओळीत तेरा घरं केली, आईची टीप जशीच्या तशी उतरवली. पाचला जुनं मशीन बंद झालं. पडद्यावर बारा आकडे उमटले, बाराही बरोबर.

शून्याचं घर रिकामं होतं.

आईने इतकी वर्षं जपलेलं मी एका दुपारीत हरवलं होतं. खिडकीतून अजून ऊन येत होतं. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"ताई," मी अगदी हळू म्हणाले, "आई गेली गं... आता इथे मी आहे."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्या घरात सोळा उमटले. मग वीस. मग अठ्ठावीस... कोणी धावत निघालं की वाढतात तसे.

दाराकडे माझी पाठ होती. मी वळले नाही. फक्त शेजारची खुर्ची थोडी बाहेर ओढून ठेवली.