सोजरची जागा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या छापखान्याच्या दारात रेवणसिद्धनं तिला पहिल्यांदा पाहिलं. उन्हानं लाल झालेला चेहरा, डोक्यावर पदर, आणि नजर मात्र थेट.

"लग्नाची पत्रिका छापायची का?" त्यानं विचारलं.

"लग्न न्हाय... काम पायजे," सोजर म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं.

मोहोळच्या शाळेत चार बुकं शिकलेली सोजर सोलापुरात मावशीकडं राहत होती. मालकांनी तिला छपाईचे खिळे जुळवायला ठेवलं. रेवणसिद्ध तिथला फोरमन. खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचायला तो तिला शिकवायचा, आणि मधेच बोलायचं विसरायचा.

"पुढं सांगा की," ती खाली बघूनच म्हणायची. "माज्या तोंडावर काय छापलंय व्हय?"

"छापलं असतं, तर वाचून दाखवलं असतं..."

पण तिथंच खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्या धुळाप्पाला शेजारी बाई खपेना. ती वाकली की तो चावट गाणं गुणगुणायचा, बाकीचे हसायचे. एका दुपारी तिनं जुळवलेलं अख्खं पान त्यानं मुद्दाम धक्का देऊन पाडलं. सोजरचे डोळे भरून आले. ती खाली बसून खिळे वेचू लागली.

रेवणसिद्धला धंदा शिकवला होता तो धुळाप्पानंच. त्याला बोलायचं कसं? तो सोजरजवळ येऊन हळूच म्हणाला, "उद्यापासून तुमी मागच्या खोलीत बसा. तितं कुणी तरास देणार न्हाय."

"वाईट वागलं कोण? मग उठायचं मी का?" तिचा आवाज शांत होता. "हितं उजेड हाय, चार मानसं हायती. मागं बसवलंत, तर मी येणार न्हाय."

संध्याकाळी सुट्टी होण्याआधी त्यानं सगळ्यांना थांबवलं.

"धुळाप्पा, तुमी माजे गुरू. पण आजचं वागणं चुकलं. सोजरबाईंची माफी मागा, आन् ते पान तुमीच परत जुळवा. हसणाऱ्यांनीबी ऐका... हितं कुणालाच असा तरास द्यायचा न्हाय. पटत नसंल, त्यानं उद्या येऊ नये."

"तू मला सांगतोस?"

"व्हय... तुमाला."

धुळाप्पानं बाकीच्यांकडं पाहिलं; सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. मग तो "चुकलं, बाई," असं पुटपुटला आणि खिळ्यांकडं वळला.

बाहेर उन्हं उतरली होती. सोजर पायरीवर थांबली होती.

"दुपारीच बोलायला पायजे होतं," रेवणसिद्ध म्हणाला. "भ्यालो."

"आता गेली भीती?"

"एक हाय अजून..." तो अडखळला. "रविवारी मोहोळला जाऊन तुमच्या वडलांना, आण्णांना भेटावं म्हणतो. पण आज बाजू घेतली म्हणून व्हय म्हणू नका."

सोजरनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बाजू घेतली नसती, तर न्हाय म्हणाले असते. व्हय तर मी लई आधीच ठरवलं होतं... फकस्त आण्णांना सांगा, लग्नानंतरबी मी कामाला येणार."

"सांगतो की," तो म्हणाला. मग दोन हात अंतर ठेवून, मावशीच्या गल्लीपर्यंत दोघं सावकाश चालत गेली.